पंधरा फुटांचा उतार

माझ्या सासऱ्यांना कामावरची माणसं ‘ओळंबा’ म्हणायची. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतात, तो ओळंबा. सासरे सेंटरिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्या आणि टेकू लावून जो साचा उभा करतात, ते त्यांचं काम, आणि ते त्यांनी चाळीसेक वर्षं केलं. बरं, हे काम असं की चांगलं झालं की काढूनच टाकतात. फळ्या निघाल्या, टेकू निघाले, वर इमारत उभी आणि मिस्त्री पुढच्या साइटवर. त्यांनी बांधलेलं काही दाखवा म्हटलं तर दाखवायला काहीच नाही. मी एकदा त्यांना तसं म्हणाले पण. ते म्हणाले, “पडलं नाही ना काही? झालं मग.”

बोलणं एवढंच. हो, नाही, बघू. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं की हे माझ्यावर रागावलेत. सहा महिन्यांनी कळलं की तो त्यांचा खुशीतला चेहरा आहे. मी नेमकी उलट. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी बहीणच म्हणते, आणि ती काही फार गोड बोलणारी नाही. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. जिने, संडास, खिडक्या, दारं. बावीस वर्षं काढतेय, पण साइटवर सहसा जात नाही, धुळीनं शिंका सुरू होतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि ते मी झाकून सांगणार नाही. झाकायचं तेवढं झाकून झालंय.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते दोघं भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट नाही. आईंची उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द एकेक करून यायचा, दोन शब्दांच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल इतका वेळ. डोकं मात्र लख्ख. ही बाई आधी जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांची खबर ठेवणारी, भाजी आणायला गेली की दीड तासानं परत येणारी. तिला आठ महिने एका खिडकीपाशी बसवलं. त्या आठ महिन्यांत चार वेळा खाली उतरल्या, चारही वेळा डॉक्टरकडे, खुर्चीसकट दोन माणसांनी उचलून. तेव्हापासून त्या सगळ्यात जास्त वेळा जो शब्द बोलत, तो म्हणजे “बाहेर.”

बाबा सगळं करायचे. अंघोळ, कपडे, भरवणं. पंचाहत्तरीच्या माणसानं. माझा नवरा दर रविवारी तिकडून आला की गप्प बसून राहायचा. एका रविवारी म्हणाला, “मागची जागा पडून आहे. तिथं त्यांच्यासाठी छोटं घर बांधू. तूच काढ नकाशा.”

आणि त्यानं आईंना शब्द दिला. माझ्यासमोर, त्यांचा हात हातात घेऊन. “संध्याकाळचं जेवण रोज एका टेबलावर. तू, बाबा, आम्ही. एकही दिवस चुकणार नाही.” आई रडल्या. झटक्यानंतर त्यांचं रडणं पण अर्ध्याच चेहऱ्यावर यायचं. बाबांनी मालकाला सांगून टाकलं की नवं घर झालं की भाड्याचं सोडतो, आणि मालकानं पुढचा भाडेकरूही बघून ठेवला. म्हणजे आता मागं फिरायची सोय नव्हती. जे काही होतं ते माझ्या कागदावर.

मी तीन आठवडे राबले. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून मी कुठल्याही बड्या गिऱ्हाइकाचं काम केलं नव्हतं. टेप घेऊन आईंची मापं घेतली. खुर्चीत बसल्यावर गुडघा किती उंच, डावा हात कुठपर्यंत पोचतो, डोळे कुठल्या उंचीवर. आई हसून म्हणाल्या, “कपडे... शिवतेस?” मी म्हटलं, “घर शिवतेय, गप्प बसा, हलू नका.” दारं तीन फूट रुंद, कुठंही उंबरा नाही. खोलीत व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण फिरेल एवढी मोकळी फरशी. दिव्याची बटणं खाली, बेसिनखाली गुडघे जातील अशी जागा, संडासात डाव्या हाताला आधाराचा दांडा. नळाला गोल मूठ नाही, लांब दांडी, कोपरानंही फिरेल. खिडकीची चौकट इतकी खाली घेतली की बसून बाहेरची जमीन दिसावी.

आता खरी गोष्ट. मागच्या जागेत पावसाचं पाणी साचतं, म्हणून नव्या घराचं जोतं दोन फूट उचलावंच लागणार होतं. आमच्या घराचं जोतंही दोन फुटांचं. नव्या घराच्या दारापासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत अंतर सहा फूट. ज्याला नकाशातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही दिसेल की काय करायचं. खिडकीचं दार करायचं आणि मध्ये सहा फुटांचा एक सपाट स्लॅब टाकायचा. ना चढ, ना उतार. खुर्ची घरातून घरात. मी पहिल्याच दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत ती रेघ ओढली.

आणि मग खोडली.

कारण स्वयंपाकघर माझं होतं. ऑफिसातून येऊन मी तिथं चहा ठेवून एकटी वीस मिनिटं बसते. कुणी बोलायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. त्या भिंतीला दार झालं की ते दार दिवसभर उघडं राहणार. “सूनबाई, जरा बघतेस का?” “सूनबाई, ही गोळी कुठली?” मला दिसायला लागलं की माझा चहा निवतोय. तेवढ्यासाठी. बाकी काही नाही, तेवढ्यासाठी.

नवऱ्याला सांगितलं की दोन घरांच्या मध्ये मोकळं हवं, हवा खेळती राहते. त्याला काय कळणार, तो हिशेबनीस माणूस. खुर्चीसाठी त्या मोकळ्या पट्टीतून, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, बाजूच्या फाटकापर्यंत उतार काढला. आमच्या धंद्यात व्हीलचेअरच्या उताराचा नियम आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस. माझ्याकडे फाटकापर्यंत होते पंधरा. मी पंधरात बसवला. वर दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा दिला, पृष्ठभागावर आडव्या खाचा दिल्या, घसरायला नको म्हणून. आणि हो, स्वयंपाकघराच्या खिडकीला दुधी काच बसवून घेतली.

बाबांना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही हातांनी कागद धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, “मध्ये हवा खेळती राहील.” ते म्हणाले, “हो. हवा येईल.” आणि कागद नीट गुंडाळून परत दिला.

घर झालं. उतार तपासला तो मी. नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि खालून वर एका दमात ढकलत नेलं. वर पोचल्यावर धाप लागली होती, पण आम्ही दोघं हसत होतो. मी म्हटलं, “बघ, तुझ्यासारखा बोजा चढला, आई तर पिसासारख्या.” ढकलणारी मी होते, बेचाळीस वर्षांची, धडधाकट. खुर्चीत कोण बसणार याचा मी इंच न् इंच विचार केला होता. खुर्ची ढकलणार कोण, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलाच नाही.

पहिले पाच आठवडे नवरा संध्याकाळी आईंना आणायचा. उतारावरून खाली, फाटकातून गल्लीत, गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी, तिथं तीन पायऱ्या, तिथं बाबा आणि तो मिळून खुर्ची उचलणार. सहा फुटांवरच्या टेबलासाठी ही सगळी वरात. आई टेबलाशी आल्या की त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. डाव्या हातानं सगळ्यांना वाढायला बघायच्या. सांडायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

मग नवऱ्याच्या ऑफिसात वर्षअखेरीची कामं सुरू झाली, यायला उशीर व्हायला लागला. एक दिवस चुकला. मग दोन. मग मीच म्हटलं, “मी डबा देते ना तिकडे, आईंची दगदग कशाला?” बाबा म्हणाले, “बरं पडेल.” झालं. त्यानंतर चार महिने आई त्या घरातून बाहेर आल्या नाहीत. मी डबा घेऊन जायचे, आई दाराकडे बघायच्या, मी म्हणायचे, “आज फार थंडी आहे,” किंवा “आज फार ऊन आहे.” माझ्याकडे रोज एक हवामान तयार असायचं.

नंतर कळलं ते इथेच सांगते. बाबा दुपारी, आम्ही दोघं कामावर असताना, उतारावर सराव करत होते. बांधकामातली उरलेली वाळू पिशव्यांत भरून, खुर्चीत ठेवून. आधी वीस किलो, मग तीस. आठ दिवसांत चाळीस किलोपर्यंत पोचले. चाळीस किलो ते वर नेऊ शकत होते. आईंचं वजन एक्कावन्न होतं. त्यांना वाटलं, उरलेलं होऊन जाईल.

तो मंगळवार होता. ऑफिसात वीज गेली आणि अकराला आम्हाला घरी जा म्हणाले. मी घरी आले ती पुढच्या दारानं, चपला हातात घेऊन, चोरासारखी. का? मी आलेय हे मागं कळलं तर कुणीतरी काहीतरी सांगत येईल म्हणून. स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप उघडला, कुकर लावला आणि एका जिन्याचा नकाशा पुरा करायला बसले.

साडेबारा झाले असतील. बाहेरून ठोकल्याचा आवाज आला. टक, टक, टक. थोडं थांबून परत टक, टक, टक. लोखंडावर काहीतरी बारीक वाजत होतं. मला वाटलं, ओळंबासाहेबांची ठोकाठोक सुरू झाली. त्यांना स्वस्थ बसवत नाही, कठड्याचा एखादा स्क्रू सैल वाटला असेल. दुधी काचेतून काही दिसत नव्हतं, नुसती सावली. खिडकी उघडली असती तर दिसलं असतं. पण खिडकी उघडली की मी घरी आहे हे कळलं असतं.

टक, टक, टक. अर्धा तास चाललं. माझं डोकं उठलं. मी मनात म्हटलंसुद्धा, किती ते ठोकायचं!

मग बहिणीचा फोन आला. तिच्याशी बोलताना माझा आवाज नेहमीच चढतो. ती म्हणाली, “कसं चाललंय तुझ्या सासू-सासऱ्यांचं?” मी म्हटलं, “अगं मस्त! सगळं मार्गी लागलंय. त्यांचं ते, आमचं आम्ही. मध्ये भिंत आहे ना, जीव वाचला माझा!” आणि आम्ही दोघी खो खो हसलो.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की ठोकणं थांबलंय. मला हायसं वाटलं. झाकत नाही, मला हायसं वाटलं. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला, परत जिना काढायला बसले. आणखी वीसएक मिनिटं गेली. मग धपकन आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा एक आवाज. ओरडणं नव्हे. जड काही उचलताना माणूस जसा कण्हतो, तसा.

मी धावले. पुढच्या दारानं, गल्लीतून वळसा घालून, फाटकातून. त्या वळशाची लांबी मला त्या दिवशी कळली.

बाबा उताराच्या मध्यावर पडले होते. खुर्ची मागं सरकू नये म्हणून त्यांनी स्वतःचा पाय चाकाखाली घातला होता, आणि चाक नडगीवर होतं. पाय जसा वळायला नको तसा वळला होता. खुर्चीत आई, तोंड आभाळाकडे, आणि त्यांचा डावा हात कठड्याला. एकट्या त्या हातानं त्यांनी निम्मं वजन पेललं होतं. दोघं सकाळी खाली उतरले होते, फाटकाबाहेर झाडाखाली पाऊण तास बसले होते, आणि परत वर येताना अर्ध्यावर बाबांच्या पायातलं बळ गेलं. वर जाता येईना. खाली सोडावी तर खुर्ची हातातून सुटणार. ब्रेक लावला तर उतार इतका की ब्रेकसकट सरकते. म्हणून ते धरून उभे राहिले. दीड तास. माझ्या खिडकीच्या खाली, माझ्यापासून दोन हातांवर.

मी माणसं बोलावली, बाबांचा पाय सोडवून खुर्ची खाली घेतली, गाडी आणली. त्याआधी आईंची बोटं कठड्यावरून सुटत नव्हती. मी एकेक करून सोडवली. त्यांच्या अनामिकेत साधी अंगठी आहे. ती आतल्या बाजूनं चेपली होती, आणि बोटाचं सालटं निघालं होतं. कठडा न सोडता, त्याच बोटानं, ठोकत होत्या त्या आई होत्या. बाबांचे दोन्ही हात खुर्चीला होते.

दवाखान्यात नवरा धावत आला. पहिला प्रश्न, “तू कधी आलीस घरी?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आत्ताच. आले आणि बघते तर हे असं.”

आई बाजूलाच खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या चेपलेल्या अंगठीकडे.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. बाबांना आत नेल्यावर नवरा बाकावर बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “बाबांनी तीन ठोके दिले असतील. नक्की दिले असतील.”

“कसले ठोके?” मी विचारलं.

“साइटवर मिक्सरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. खालून टेकू सरकायला लागला की तिथला माणूस जागा सोडून पळत नाही आणि ओरडतही नाही. धरून ठेवतो आणि पाइपवर तीन ठोके देतो. तीन ठोके म्हणजे ‘आधार द्या’. वरचे सगळे हातातलं टाकून धावतात. मी लहान असताना घरात पण तेच. आंघोळीला गेल्यावर टॉवेल विसरला की दारावर तीन ठोके, आणि आई टॉवेल घेऊन पळायची.” तो थोडं हसला आणि मग त्याचा चेहराच मोडला. “तू घरी असतीस तर ऐकू आलं असतं गं.”

“मी नव्हते ना,” मी म्हटलं.

त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं. एवढा कोडगेपणा माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाबा पंधरा दिवसांनी प्लास्टरमध्ये घरी आले. त्या छोट्या घरात आता पलंगावर दोन माणसं, एक उजवीकडून पांगळं, एक डावीकडून. दिवसा एक बाई ठेवली. मी ऑफिसातून रजा घेतली आणि गवंडी बोलावला. म्हटलं, ही खिडकी काढा, इथं दार हवं, आणि मध्ये सहा फुटांचा स्लॅब. गवंड्यानं माप घेतलं आणि सहज विचारलं, “हे आधीच का नाही केलं बाई? एवढुसं तर काम आहे.” आठ दिवसांत झालं. फक्त आठ दिवसांत.

स्लॅबखालच्या फळ्या कशा लावायच्या ते बाबांनी पलंगावरून सांगितलं. गवंडी गेल्यावर मी त्यांना पाणी द्यायला थांबले. ते म्हणाले, “तुझ्या पहिल्या कागदावर असंच होतं.”

मी भांडं खाली ठेवलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“खोडलेलं दिसत होतं. रबरानं शिसं जातं, वळ राहतो. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे खोडलेले नकाशेच वाचले.”

“मग बोलला का नाहीत बाबा?” माझा आवाज चढला. मला रागच आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. “तेव्हा एक शब्द बोलला असतात! नुसतं म्हणाला असतात की मला ढकलायला जमणार नाही! मी काय राक्षसीण आहे का? मी लगेच केलं असतं!”

“घर तुझं होतं,” ते म्हणाले. “जागा दिलीस तेच पुष्कळ. आणखी काय मागायचं?”

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी तोंड फिरवून भांडी गोळा करायला लागले. ठोके का थांबवले, हे मात्र मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही. मला उत्तर ठाऊक होतं. दुधी काच नजर अडवते, आवाज नाही.

दार झालं. दार म्हणजे नुसती चौकट, मी झडप लावूच दिली नाही. आमच्या टेबलापासून आईंच्या पलंगापर्यंत फरशी अशी सपाट की कप ठेवून खुर्ची ढकला, थेंब सांडायचा नाही. पहिल्या संध्याकाळी नवरा वेळेवर घरी आला. टेबलावर चार ताटं मांडली. आईंची खुर्ची पुसून त्यांच्या पलंगाशी नेली.

आईंनी पलंगाचा कठडा धरला. डाव्या हातानं, घट्ट.

“आई, चल, जेवायला,” नवरा म्हणाला. आईंनी मान हलवली. नाही. त्यानं गंमत केली, “अगं, तुझ्या सुनेनं तुझ्यासाठी भिंत फोडली, आता तू येत नाहीस म्हणजे काय?” मान हलली. नाही. त्यानं उचलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की तो घाबरून मागं झाला. खुर्ची नजरेसमोरून नेली तेव्हा हात सुटला.

डॉक्टर म्हणाले, धास्ती बसलीये, वेळ द्या. वेळ दिला. एक आठवडा, दोन, पाच. खुर्ची दिसली की हात कठड्याला. झटक्यापासून ‘बाहेर’ म्हणणाऱ्या बाईनं तो शब्दच टाकून दिला. आता दार उघडं, वाट सपाट, सगळं सगळं बरोबर, आणि त्या छताकडे बघत पडून असायच्या. जेवण कमी झालं. हाडं वर आली. मी आशेनं वजन केलं तर चाळीस किलो. आता बाबांना त्या झेपल्या असत्या, पण बाबा स्वतःच काठीवर होते. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या अशाच पडून राहिल्या तर फार दिवस काढणार नाहीत. बसायला हवं, माणसांत यायला हवं.

त्या दुपारी कामाची बाई गेल्यावर घरात आम्ही तिघंच होतो. बाबांचा डोळा लागला होता. मी आईंच्या उशाशी बसले, त्यांचा तो डावा हात घेतला. अनामिका अजून सुजलेली होती, अंगठी कापून काढावी लागली होती.

“आई,” मी म्हटलं, “पाया पडते तुमच्या. एकदा बसा. मी ढकलते. उतार नाही, काही नाही, सहा फूट आहे नुसतं. तुम्ही सांगाल तिथं थांबते. मी नोकरी पण अर्ध्या वेळेची करून घेतलीये. आता दुपारपासून मी असते ना. काही झालं तर मी आहे ना घरात.”

आईंनी मान माझ्याकडे वळवली. ओठ हलायला लागले. मी वाट बघत राहिले, शब्द यायला नेहमीसारखा वेळ लागला.

“तेव्हाही...” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, एवढ्यावरच थांबल्या. मग उरलेला शब्द आला.

“...होतीस.”

“हो आई,” मी म्हटलं. “होते.”

त्यांनी माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला आणि पलंगाचा कठडा धरला.